आईच्या फॅमिली पेन्शनमध्ये 6 वर्षं जास्त पैसे आले म्हणून 7 लाखांची वसुली, काय करावं?

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांब होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. माझे वडील राज्य सरकारच्या एका खात्यात लिपिक होते, 31 ऑक्टोबर 2012 ला 58 पूर्ण होऊन रिटायर झाले आणि 2014 मध्ये गेले. तेव्हापासून आईला फॅमिली पेन्शन मिळते. आई गावीच असते, मी पनवेलला नोकरीला. या नोव्हेंबरात बँकेत हयातीच्या यादीवर सही करून आली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ट्रेझरीचं पत्र आलं, की तुमचा वाढीव दर 31 ऑक्टोबर 2019 पर्यंतच होता, तो चुकून पुढे चालू राहिला, सबब 1 नोव्हेंबर 2019 ते 31 ऑक्टोबर 2025 या काळात 7,14,240 रुपये जादा प्रदान झालेत, ते चलनाने एकरकमी भरा नाहीतर दरमहा 5,000 कापून घेतले जातील. सोबत एक छापील संमतीपत्र, त्यावर सही करून पाठवायची. आणि मूळ पेन्शन 16,000 होतं ते या महिन्यापासून 9,600 केलंय.

आईचं वय 67. शाळा चौथीपर्यंत. महिन्याला बँकेत जे जमा होतं ते पेन्शन एवढंच तिला माहीत, त्यात कुठला दर आणि कधीपर्यंत हे तिला कोणी कधी सांगितलं नाही. पत्र आल्यापासून जेवत नाही नीट, सारखं म्हणते सरकारचे पैसे आपण खाल्ले असं लोक म्हणतील, हापूसची कलमं पाच-सहा वर्षांसाठी ठेक्याने देऊन टाकू आणि भरू. शेजारच्या काकांनी सांगितलं सही करून टाका नाहीतर पेन्शनच बंद होईल, त्यामुळे ती आणखी घाबरली.

माझा प्रश्न असा की चूक त्यांची असताना हे पैसे परत द्यावेच लागतात का? 5,000 ने कापत गेले तर बारा वर्षं लागतील, तोवर आई ऐंशीच्या घरात. संमतीपत्रावर सही करावी का? आणि बँक खात्यावर होल्ड लावू शकतात का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

जुना_लेखापाल

आधी आईंना सांगा की सही केली नाही म्हणून फॅमिली पेन्शन बंद होत नाही. ते त्यांच्या हक्काचं आहे, वाद चाललाय तो फक्त जास्तीच्या रकमेचा. हे आज फोन करून सांगाच.

माझी सगळी नोकरी हिशोबाच्या टेबलावर गेली म्हणून जरा सविस्तर लिहितो. फॅमिली पेन्शनचे दोन दर असतात. वाढीव दर म्हणजे शेवटच्या पगाराच्या 50 टक्के आणि साधा दर 30 टक्के. रिटायर झाल्यावर माणूस गेला तर वाढीव दर मिळतो मृत्यूनंतर 7 वर्षं किंवा तो माणूस हयात असता तर 65 वर्षांचा झाला असता ती तारीख, यातलं जे आधी येईल तोपर्यंत. तुमचे वडील 2014 ला गेले म्हणजे 7 वर्षं 2021 ला होतात पण 65 ची तारीख ऑक्टोबर 2019 ला येते, तर 31 ऑक्टोबर 2019 ही तारीख बरोबरच दिसतेय. 16,000 हे 50 टक्के असतील तर 30 टक्के 9,600 होतात, तेही बरोबर. पुढचं पेन्शन कमी झालं त्यावर भांडण्यात अर्थ नाही, ते कुठेही टिकणार नाही. हे मी आधीच स्पष्ट सांगतोय कारण बरेच लोक दोन्ही गोष्टी एकाच अर्जात कालवतात आणि मग जो खरा मुद्दा आहे, मागच्या वसुलीचा, तोही हातचा जातो.

पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा मूळ आदेश, काढा आधी. आईंच्या ट्रंकेत, देवघराच्या फळीवर, कुठेतरी असेलच. त्यावर दोन्ही दर आणि वाढीव दर कुठल्या तारखेपर्यंत ते महालेखाकार ऑफिसने लिहिलेलं असतं. त्याचा एक भाग पेन्शनरकडे आणि एक पैसे देणाऱ्या ऑफिसकडे असतो. म्हणजे तारीख त्यांच्याही समोर होती, आणि ती तारीख आल्यावर दर बदलणं हे त्यांचं काम, आईंचं नव्हे. त्यात आईंनी काही लपवलेलं नाही, हा तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, लिहून ठेवा.

आता रकमेचं. पत्रात महिन्यावार तक्ता दिलाय का? बहुतेक नसणार. मी आत्ता कागदावर करून बघितलं, 7,14,240 भागिले 72 महिने म्हणजे बरोबर 9,920. आणि 9,920 म्हणजे 16,000 आणि 9,600 मधला 6,400 चा फरक अधिक त्यावर 55 टक्के महागाई भत्ता. म्हणजे यांनी 2025 चा महागाई भत्त्याचा दर सहाही वर्षांना सरसकट लावलाय असं दिसतंय!! 2019 च्या नोव्हेंबरात महागाई 17 टक्के होती, कोरोनात गोठवली ती जून 2021 पर्यंत 17 च राहिली, मग 31, 34, 38, 42, 46, 50, 53 अशी चढत जानेवारी 2025 पासून 55 झाली. त्या त्या काळाचा दर लावला तर माझ्या हिशोबाने रक्कम 6,30,656 येते. म्हणजे साधारण 83 हजार रुपये जे आईंना कधी मिळालेच नाहीत ते परत मागतायत. तुम्ही पासबुक घेऊन महिन्यावार ताडून बघा, पासबुकात जमा झालेली रक्कम हाच शेवटचा पुरावा.

तर संमतीपत्रावर सही अजिबात नको. आधी तक्ता मागा.

सड्यावरचा

मला वेगळं वाटतं ते लिहितो, राग मानू नका. चूक कोणाचीही असो, पैसा सरकारचा म्हणजे आपल्या सगळ्यांचा आहे, जे हक्काचं नव्हतं ते परत करायला हवं. सुप्रीम कोर्टानेच 2012 मध्ये चंडीप्रसाद उनियाल प्रकरणात म्हटलंय की जादा दिलेली रक्कम करदात्यांची आहे आणि ती वसूल करता येते. आमच्या नात्यात एका आजोबांना असंच पत्र आलं, त्यांनी हप्ते बांधून घेतले आणि शांत झाले, कोर्टकचेरीच्या धावपळीत त्या वयात कोण पडणार. 83 हजारांची चूक दाखवा, हप्ता कमी करून मागा आणि विषय संपवा असं माझं मत.

ॲडव्होकेट_ताई_चिपळूण

सड्यावरचा, तुमचं म्हणणं प्रामाणिक आहे आणि 2012 चा निकाल आहे हेही खरं, पण गोष्ट तिथे थांबली नाही. 18 डिसेंबर 2014 ला स्टेट ऑफ पंजाब विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पाच परिस्थिती सांगितल्या ज्यात जादा रकमेची वसुली करता येत नाही. वर्ग 3 आणि 4 चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, जादा पैसे वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ दिले गेलेत ते, चुकीने वरच्या पदाचं काम करून घेऊन तसा पगार दिला ते, आणि शेवटची म्हणजे जिथे वसुली इतकी कठोर आणि अन्यायाची होईल की सरकारच्या वसुलीच्या हक्कापेक्षा ती जड ठरेल. लिपिक म्हणजे वर्ग 3, काळ सहा वर्षांचा, आणि समोर 67 वर्षांची विधवा, जिला पेन्शनशिवाय फारसं उत्पन्न नाही. त्या निकालात भाषा कर्मचाऱ्याची आहे, फॅमिली पेन्शनरचं नाव घेऊन काही म्हटलेलं नाही, तेव्हा आपला जोर शेवटच्या मुद्द्यावर ठेवायचा आणि बाकीचे त्याला जोडून मांडायचे. 2 मे 2022 चा थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ सरकार हाही घ्या, त्यात निवृत्त शिक्षकाकडची वसुली रद्द करताना कोर्टाने म्हटलं की पैसे घेणाऱ्याने फसवणूक किंवा चुकीची माहिती दिलेली नसेल आणि चूक नियम लावण्यातली असेल तर ती वसूल करायची नाही, आणि हे कोर्ट करतं ते माणसाला होणारा त्रास बघून.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर नंतर धक्का बसेल. 2016 चा जगदेव सिंग निकाल आहे. त्यात एका न्यायिक अधिकाऱ्याने सुधारित वेतनश्रेणी घेताना लिहून दिलं होतं की जास्त पैसे आले तर परत करीन, आणि कोर्टाने त्याला त्या हमीला बांधून धरलं. पेन्शन सुरू करताना बहुतेक ठिकाणी असं हमीपत्र घेतात. तुमच्या आईंकडून 2014 ला घेतलं असेल तर ट्रेझरी तेच पुढे करणार. म्हणून त्या हमीपत्राची प्रत मागा, त्यावर नेमकं काय लिहिलंय ते बघू. आणि म्हणूनच आत्ताचं संमतीपत्र जास्त धोक्याचं, कारण त्यात रक्कम लिहिलेली आहे, 7,14,240 मान्य असं आज लिहून दिलं की उद्या ती खोडणं कठीण.

आणखी एक. आपल्या राज्याच्या 1982 च्या पेन्शन नियमांत नियम 134-अ आहे. तो मुळात नोकरीतल्या जादा रकमेसाठी आहे पण त्यातली दोन तत्त्वं इथे मागता येतात, एक म्हणजे वसुलीआधी कारणं दाखवण्याची वाजवी संधी द्यायची आणि दुसरं म्हणजे हप्ते असे पाडायचे की पेन्शन ठरलेल्या किमान रकमेच्या खाली जाणार नाही. किमान 7,500 आहे, त्यावर 55 टक्के धरले तर 11,625. आईंना आता 9,600 वर महागाई धरून 14,880 मिळणार, त्यातून 5,000 गेले की हातात 9,880, म्हणजे किमानच्या खाली. हा मुद्दा पहिल्याच अर्जात टाका.

होल्डचं विचारलंत. बँकेने स्वतःच्या मनाने पेन्शन ठरवायचं किंवा कापायचं नसतं. 2020 च्या ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या, ऐंशी ओलांडलेल्या गृहस्थांच्या प्रकरणात बँकेने कापलेले पैसे परत करायला लावले आणि वर 50,000 रुपये खर्चही बसवला. पुढे 21 जानेवारी 2021 ला रिझर्व्ह बँकेने जादा पेन्शन वसुलीबद्दलची आपली जुनी परिपत्रकं मागे घेतली आणि बँकांना सांगितलं की पेन्शन मंजूर करणाऱ्या खात्याचं मार्गदर्शन घ्या. तेव्हा खात्यावर होल्ड दिसला तर शाखा व्यवस्थापकाला लेखी विचारा की कुठल्या पत्राच्या आधारावर लावला, त्या पत्राची प्रत द्या.

फौजी_घर_खेड

आमच्याकडे फौजेतल्या पेन्शनचं झालं होतं म्हणून लिहितो. वडिलांना डिसॅबिलिटी पेन्शन आहे, त्यात सर्व्हिस एलिमेंट म्हणजे नोकरीचा भाग वेगळा आणि डिसॅबिलिटी एलिमेंट म्हणजे अपंगत्वाचा भाग वेगळा असतो, आणि 20 टक्के अपंगत्व असलं तरी राउंडिंग होऊन 50 टक्के धरतात. ते राउंडिंगचं नवीन पीपीओ आलं तेव्हा बँकेने जुना एलिमेंट बंद न करता नवाही चालू केला, काही महिने दोन्ही आले आणि मग एक दिवस एकदम सगळे कापले, त्या महिन्यात खात्यात घरखर्चालाही पुरले नाहीत. दोन्ही पीपीओ आणि पासबुक जोडून अर्ज दिला तेव्हा कळलं की कापताना महागाई पण जास्तीची धरली होती, तो फरक परत मिळाला आणि बाकीचे हप्ते करून दिले. लेखापाल काका म्हणतायत ते शंभर टक्के, हिशोब पहिला. आमच्या खेड, मंडणगड, पोलादपूर पट्ट्यात घराघरात फौजी पेन्शन आहे, आता ते स्पर्श पोर्टलवर आलंय, तिथे स्वतःचं पीपीओ आणि दर महिन्याची स्लिप दोन्ही दिसतात, पोरांनी आईवडिलांचं लॉगिन करून एकदा तरी ताडून बघा रे. राज्य सरकारवाल्यांना निवृत्तिवेतनवाहिनीवर स्लिप मिळते.

मालवणी_बाय

आवशीक सांगा घाबरा नको. तुमचो त्रास मी समजू शकतंय. माझा भाऊ जन्मापासून दिव्यांग, त्याला संजय गांधी निराधारचे 1,500 मिळायचे. बाबा गेले आणि नंतर आई गेली तेव्हा त्याच्या नावावर आजन्म फॅमिली पेन्शन लागली, सिव्हिल सर्जनचा दाखला वगैरे सगळं देऊन. आम्हांला वाटलं दोन्ही वेगळ्या खात्याचं आहे, चालत असेल. पण संजय गांधीला दिव्यांगांसाठी वर्षाला 50,000 ची उत्पन्न मर्यादा आहे आणि पेन्शन लागली की ती ओलांडते, मग तालुक्याच्या ऑफिसातून परत भरा म्हणून पत्र आलं. पेन्शन लागल्या दिवशीच अर्ज देऊन अनुदान बंद करायला सांगायला हवं होतं हे कोणी आधी बोललंच नाही. ज्यांच्या घरी असा दिव्यांग भाऊबहीण आहे त्यांनी हे लक्षात ठेवा, इथे चूक त्यांची म्हणून सांगता येत नाही कारण उत्पन्न बदललं ते आपल्यालाच कळवायचं असतं.

आणि आणखी एक, माणूस गेल्यावर खात्यात पेन्शन जमा झाली तर एटीएमने काढू नका कोणी. ते परत द्यावेच लागतात, त्यात कुठला निकाल उपयोगी पडत नाही.

खाडीपलीकडचा

खूप खूप आभार सगळ्यांचे, देव बरे करो. रात्री बहिणीने पीपीओ शोधला, त्यावर खरंच लिहिलंय, वाढीव दर 31.10.2019 पर्यंत आणि त्यानंतर साधा. तक्ता पत्रासोबत नाहीच. पासबुक 2020 पासूनचं आहे, त्यात 2021 च्या मार्चला 18,720 जमा दिसतात, म्हणजे 16,000 वर 17 टक्केच. लेखापाल काका तुम्ही म्हणालात तसंच निघालं. आईला हे वाचून दाखवलं तर पहिल्यांदा थोडी शांत झाली, की निदान जे घेतलं नाही ते तरी आपल्या नावावर लावू नयेत.

सड्यावरचा दादा, तुमचं पण बरोबर वाटतं मला. आईचं तेच म्हणणं आहे, हक्काचं नसेल तर नको. पण कलमं ठेक्याने दिली तर वर्षाला घरात येणारी उरलीसुरली मिळकत पण जाते, हे तिला कसं समजावू.

हमीपत्राचं तिला आठवत नाही, तेव्हा एका गठ्ठ्यात बऱ्याच सह्या घेतल्या होत्या म्हणते. अर्जात नेमकं काय लिहू? आणि कोर्टात जायची वेळ आली तर मुंबई की कोल्हापूर?

जुना_लेखापाल

18,720 ची ती नोंद झेरॉक्स करून अर्जाला लावा, त्या एका ओळीने त्यांचा हिशोब पडतो.

अर्ज साधा लिहा, आईंच्या नावाने, दोन पानांच्या वर नको. मी असा लिहिला असता, "आपल्या पत्रान्वये कळवलेली 7,14,240 रुपयांची रक्कम मला मान्य नाही. माझ्या पासबुकातील नोंदींप्रमाणे त्या त्या काळात महागाई भत्ता कमी दराने जमा झालेला आहे. तरी प्रत्यक्ष देय रक्कम, प्रत्यक्ष प्रदान रक्कम व फरक दाखवणारा महिनानिहाय तक्ता मला द्यावा. वाढीव दराची मुदत पीपीओवर नमूद होती व दर बदलण्याची जबाबदारी कार्यालयाची होती. मी कोणतीही माहिती लपवलेली नाही. आंब्याच्या कलमांच्या थोड्या मिळकतीखेरीज माझे दुसरे उत्पन्न नाही. सबब वसुली माफ करावी, व त्याबाबत निर्णय होईपर्यंत कोणतीही कपात करू नये." एवढंच. खाली पीपीओ, पासबुक, आधारची प्रत. दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, जाणं जमत नसेल तर स्पीड पोस्टाने, पोच मिळेल असं.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा वेगळा अर्ज टाका, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा फक्त 2014 चं हमीपत्र आणि वसुली ठरवतानाची टिपणी एवढ्याच प्रती मागा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं.

आणि फोनवर कोणी ट्रेझरीतून बोलतोय म्हणून वसुलीचे पैसे या नंबरवर टाका किंवा ओटीपी सांगा म्हणाला तर फोन ठेवून द्यायला सांगा आईंना. वसुली पत्रानेच होते.

ॲडव्होकेट_ताई_चिपळूण

अर्ज छान आहे, त्यात फक्त नियम 134-अ आणि 11,625 चं वाक्य घाला, आणि शेवटी "वरील हक्क अबाधित ठेवून" असं लिहून पर्यायी मागणी करा, की माफी नाहीच मिळाली तर बरोबर रकमेवर आणि किमान पेन्शनला धक्का न लावता हप्ते पाडावेत. त्या हिशोबात महिन्याला 3,255 च्या वर हप्ता जाऊ नये. हे वाक्य असलं की तुम्ही पैसे बुडवायला बघताय असं कोणी म्हणू शकत नाही, आईंच्या मनालाही तेच बरं वाटेल आणि कलमं ठेक्याने द्यायची घाईही करावी लागणार नाही.

मुंबई की कोल्हापूर, तर वडील थेट राज्य सरकारचे कर्मचारी होते म्हणून आधी मॅट, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरण, आणि कोकणासाठी ते मुंबईत. जिल्हा परिषदेचे किंवा अनुदानित शाळेचे असते तर मॅट नाही, सरळ हायकोर्ट. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय, रायगडवाल्यांना मुंबईच. मॅटला आदेशापासून एक वर्षाची मुदत असते तेव्हा ट्रेझरीच्या उत्तराची वाट बघत वर्ष घालवू नका, पत्राची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते तिथे. 1987 च्या कायद्याने महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. दिव्यांगांनाही मिळतो, मालवणी बाय तुमच्या भावासाठी पण हे बघा, निदान हप्ते तरी नीट पाडून मिळतील.

खाडीपलीकडचा

समजलं ताई. येत्या शनिवारी गावी जातोय, आईची सही घेऊन सोमवारी अर्ज देतो आणि संमतीपत्र कोरंच घरी ठेवतो. तक्ता आला की इथे टाकतो, काका तुम्ही एकदा नजर टाका त्यावर.